प्रोफाइल किती टक्के भरलंय ते कोडमध्ये कसं मोजायचं? माझा आकडा काहीच्या काही येतोय

डीबग_करतेय

नमस्कार मंडळी. लारावेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) जॉब पोर्टल टाइप एक अ‍ॅप करतेय, त्यात प्रोफाइल पेजवर एक पट्टी दाखवायची आहे, "तुमचं प्रोफाइल इतके टक्के पूर्ण". अर्ध्या तासाचं काम म्हणून हातात घेतलं होतं, आज चौथा दिवस.

मोबाइलवरून टाइप करतेय म्हणून कोड शब्दांतच सांगते. युजर मॉडेलवर गेट-अ‍ॅट्रिब्यूट्स मारलं (त्या युजरचे सगळे कॉलम आणायला), जो अ‍ॅरे आला त्यावर फॉरईच फिरवलं, प्रत्येक व्हॅल्यूला एम्प्टी (रिकामं आहे का सांगणारं पीएचपीचं फंक्शन) लावून बघितलं, एम्प्टी नसेल तर काउंटर एकने वाढवला, शेवटी काउंटर भागिले एकूण, गुणिले १००, आणि राउंड. बास एवढंच.

टेबलमध्ये १६ कॉलम आहेत. ८ लारावेलचे नेहमीचेच म्हणजे आयडी, नाव, ईमेल, ईमेल व्हेरिफाय झाल्याची तारीख, पासवर्ड, रिमेंबर टोकन आणि त्या दोन तारखा, क्रिएटेड आणि अपडेटेड. बाकीचे ८ मी टाकलेत, मोबाइल, जन्मतारीख, फोटो, शहर, स्वतःबद्दल, अनुभवाची वर्षं, कौशल्यं आणि न्यूजलेटर हवंय का.

आता गंमत बघा. आत्ता रजिस्टर झालेला माणूस, ज्याने काही म्हणजे काहीच भरलेलं नाही, त्याला ५० टक्के दिसतंय. आमच्या टेस्टरने सगळा फॉर्म इमानदारीत भरला, ईमेल पण व्हेरिफाय केला, तो ८१ वर अडकलाय. आणि सगळ्यात डोकं फिरवणारं म्हणजे तोच टेस्टर लॉगआउट करून परत लॉगिन झाला आणि ८१ चे ८८ झाले!! मधे एकही फील्ड बदललेलं नाही. मी कॅशे उडवली, सर्व्हर रिस्टार्ट केला, शेवटी त्याच्यावरच संशय घेतला की हा मला सांगत नाहीये काहीतरी. प्लीज कोणीतरी बघा.

सेमीकोलन_विसरलो

भावा टेस्टरची माफी माग आधी 😄

त्याने दुसऱ्यांदा लॉगिन करताना "लॉगिन लक्षात ठेवा" वर टिक केलेली असणार. ती टिक केली की लारावेल रिमेंबर टोकन कॉलममध्ये टोकन लिहितं, तोवर तो नल (काहीच नसलेला) असतो. तू सगळेच्या सगळे कॉलम मोजतोयस, म्हणजे तुझ्या हिशोबाने टिक करणं हा पण प्रोफाइलचा एक भाग झाला. १६ पैकी एक म्हणजे ६.२५ टक्के. १३ भागिले १६ म्हणजे ८१.२५, राउंड करून ८१, १४ झाले की ८७.५, ते राउंड होऊन ८८.

५० चं कोडं पण तसंच. आयडी, नाव, ईमेल, पासवर्ड आणि दोन तारखा हे सहा रजिस्टर होतानाच भरतात. उरले दोन. माझा अंदाज, फोटोच्या कॉलमला डिफॉल्ट चित्राचा पाथ दिलायस आणि कौशल्यं जेसन कॉलम (यादी मजकुरासारखी साठवणारा) आहे ज्याचा डिफॉल्ट रिकामा अ‍ॅरे आहे. गेट-अ‍ॅट्रिब्यूट्स कच्ची व्हॅल्यू देतं, कास्ट (त्या मजकुराचं परत यादीत रूपांतर) लागत नाही, त्यामुळे तिथे अ‍ॅरे येत नाही तर उघडा कंस बंद कंस अशी दोन अक्षरांची स्ट्रिंग येते, आणि दोन अक्षरांची स्ट्रिंग एम्प्टी नसते. ८ भागिले १६, झाले ५०.

आणि टेस्टर ८१ वर का अडकला, तर त्याने अनुभव ० लिहिला असेल आणि न्यूजलेटरला नाही म्हटलं असेल. पीएचपीच्या एम्प्टीला शून्य आकडा, "0" ही स्ट्रिंग, फॉल्स, नल, रिकामी स्ट्रिंग, रिकामा अ‍ॅरे सगळं एकाच माळेचे मणी. याउलट नुसती एक स्पेस टाकलीस तर ती एम्प्टी नाही. म्हणजे खरं उत्तर देणारा रिकामा आणि स्पेसबार दाबणारा भरलेला.

उपाय दोन. एक, सगळे कॉलम फिरायचे नाहीत, मोजायच्या फील्डची यादी स्वतः हाताने लिहायची, कॉन्फिग फाइलमध्ये ठेव. उद्या कोणीतरी टेबलमध्ये "शेवटचं लॉगिन" कॉलम टाकेल आणि सगळ्यांचे टक्के हलतील, ते टळेल. दोन, एम्प्टीच्या जागी लारावेलचा फिल्ड (filled, म्हणजे भरलेलं) हेल्पर वापर, तो शून्याला आणि फॉल्सला भरलेलं धरतो, नुसत्या स्पेसला रिकामं धरतो. कौशल्यं मात्र मॉडेलवरून कास्ट होऊन घे, कच्चं नको.

डीबग_करतेय

भावा नाही, ताई. असो. तिन्ही अंदाज बरोबर!! फोटोला डिफॉल्ट पाथ आहे, कौशल्यं जेसन आहे, आणि टेस्टरला विचारलं तर म्हणाला हो टिक केली होती, त्यात काय झालं. माफी मागितली.

यादी केली, नऊ फील्ड ठेवली, न्यूजलेटर काढून टाकलं, ईमेलच्या जागी व्हेरिफाय झाल्याची तारीख धरली. फिल्ड लावलं. फोटोसाठी वेगळी अट टाकली, पाथ डिफॉल्टवाला असेल तर रिकामं. टेस्टर १०० वर गेला, सगळे खूश.

पण आता नवीनच. कोरा करकरीत युजर, त्याचं नाव भरलेलं दिसतंय ते ठीक, पण अनुभव पण भरलेला दिसतोय. त्याने फॉर्म उघडलेला सुद्धा नाही.

जुना_डीबीए

ताई, मायग्रेशनमध्ये (टेबल बनवणाऱ्या कोडमध्ये) अनुभवाच्या कॉलमला डिफॉल्ट ० दिलंय का? दिलं असणार, सगळेच देतात, नल नको म्हणून. पूर्वी एम्प्टी शून्याला रिकामं म्हणत होतं म्हणून ही चूक झाकली गेली होती. एक चूक दुसरीला सांभाळून घेत होती, तुम्ही एक काढलीत आणि दुसरी उघडी पडली.

कॉलम नलेबल (नल चालेल असा) करा, डिफॉल्ट काढा. नल म्हणजे "विचारलंच नाही किंवा सांगितलंच नाही", ० म्हणजे "विचारलं, शून्य म्हणाला". हाच फरक होय-नाहीच्या कॉलमना सगळ्यात जास्त लागू. डिफॉल्ट फॉल्स असलेल्या कॉलमवरून माणूस नाही म्हणाला की गप्प बसला हे जगातलं कुठलंही फंक्शन सांगू शकत नाही.

आता वाईट बातमी. टेबलमध्ये आधीपासून जे ० पडलेत त्यातला डिफॉल्टचा कुठला आणि माणसाने स्वतः लिहिलेला कुठला हे आता कळणार नाही. ती माहिती कधी साठवलीच गेली नव्हती, त्यामुळे कोड कितीही सुधारला तरी ती परत येत नाही. फार तर एवढं करता येईल की ज्या लोकांची शहर, जन्मतारीख, स्वतःबद्दल अशी फॉर्ममधली बाकीची सगळी फील्ड कोरी आहेत त्यांचा ० नल करून टाका, कारण त्यांनी फॉर्म सेव्हच केलेला नसणार. उरलेल्यांना पुढच्या लॉगिनला एकदा विचारून घ्या.

तारखांचं पण बघून ठेवा. जुन्या मायएसक्यूएलमधून डेटा आला असेल तर सगळी शून्यं असलेली तारीख सापडेल, आणि १ जानेवारी १९७० ला जन्मलेले लोक जरा जास्तच निघाले तर ते कुठल्यातरी टाइमस्टॅम्प शून्याचं कन्व्हर्जन आहे असं समजा (कॉम्प्युटरची वेळ त्या दिवसापासून मोजतात). १ जानेवारीला खरोखर जन्मलेले लोकही असतात, म्हणून सरसकट पुसू नका.

रिकामी_ओळ

इथे भाषा बदलली की उत्तर बदलतं हे पण लिहून ठेवतो, कारण हा धागा वाचून कोणीतरी तोच लॉजिक दुसरीकडे टाकणार. जावास्क्रिप्टमध्ये रिकामा अ‍ॅरे ट्रूथी (अटीत खरा) आहे, पायथॉनमध्ये रिकामी लिस्ट फॉल्सी (खोटी) आहे. रुबीमध्ये फक्त निल आणि फॉल्स एवढेच खोटे, शून्य आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही खरे, पण रेल्सच्या (रुबीचं फ्रेमवर्क) ब्लँकला विचारलं तर तो फॉल्सला पण ब्लँक म्हणतो, म्हणजे लारावेलच्या बरोबर उलट. ओरॅकल डेटाबेसमध्ये तर व्हारकॅर (मजकुराच्या) कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग टाकली की ती नलच होते. आम्ही एकदा बॅकएंडला एक नियम आणि फ्रंटएंडला वेगळा असं करून ठेवलं होतं, पट्टी पेज लोड होताना ६० दाखवायची आणि काहीही टाइप केलं की ७० वर उडी मारायची. तेव्हापासून मोजणी एकाच जागी, सर्व्हरवर, आणि फ्रंटएंडला फक्त आकडा आणि काय राहिलंय त्याची यादी.

सेमीकोलन_विसरलो

ताई सॉरी हं 🙏 वरचं एक अर्धवट राहिलं होतं. फोटोसाठी जशी वेगळी अट टाकलीत तसं प्रत्येक फील्डसाठीच करा. कॉन्फिगमध्ये फील्डच्या नावापुढे एक छोटं फंक्शन, जे फक्त हो किंवा नाही सांगेल. फोटोचं वेगळं, कौशल्यांचं "किमान तीन तरी", मोबाइलचं ओटीपी झालाय का. ज्यांना काही खास लागत नाही त्यांना फिल्ड. मग मुख्य फंक्शन पाच ओळींचं राहतं आणि भांडण झालं तर फील्डपुरतंच होतं.

डीबग_करतेय

हे पटलं, करते. आता मॅनेजरचं पुढचं म्हणणं असं आहे की जन्मतारीख आणि कौशल्यं यांना सारखंच वजन कसं, वेटेज द्या. मी पॉइंटमध्ये दिलं, ०.१, ०.१५ असं, बेरीज १ येईल अशी. आणि टेस्टर परत आला, सगळं भरलं तरी ९९. तो माणूस आता माझ्या स्वप्नात येतो.

नल_आणि_शून्य

फ्लोट, म्हणजे दशांशवाले आकडे. दशांशातला ०.१ बायनरीत पूर्ण बसतच नाही. लूपमध्ये ०.१ दहा वेळा मिळवून बघा, १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, त्याला १०० ने गुणून इंटमध्ये (पूर्णांकात) टाकलं की ९९. वेटेज पूर्णांकात द्या. उदाहरणार्थ नाव १०, ईमेल १०, मोबाइल १०, जन्मतारीख ५, फोटो १०, शहर १०, स्वतःबद्दल १५, अनुभव १५, कौशल्यं १५, झाले १००. बेरीज १०० येतेच आहे का याची एक टेस्ट लिहून ठेवा, कारण कॉन्फिग कोणीतरी बदलणार आणि बेरीज करणार नाही.

भागाकार शेवटी एकदाच करा, आणि आधी १०० ने गुणून मग भागा. पीएचपीत ३ भागिले ८ केलं तर ०.३७५ मिळतं पण जावा, गो किंवा पोस्टग्रेसमध्ये दोन्ही पूर्णांक असले तर ० मिळतो, त्या शून्याला पुढे १०० ने गुणून काही होत नाही.

राउंड पण करू नका, फ्लोअर करा, म्हणजे अपूर्णांक सोडून द्या. ९९.६ चं राउंड १०० होतं आणि मग युजरला पूर्ण १०० दिसतात आणि खाली "अजून एक गोष्ट बाकी" असं पण दिसतं. १०० तेव्हाच जेव्हा राहिलेल्यांची यादी खरंच रिकामी आहे. फंक्शनमधून नुसता आकडा परत देऊ नका, राहिलेल्या फील्डची यादी पण द्या, कारण खरी उपयोगाची तीच आहे.

जुना_डीबीए

वेटेजच्या आधी एक प्रश्न सोडवा तो म्हणजे लागू आहे की नाही. तुम्ही म्हणालात जॉब पोर्टल आहे, म्हणजे आज ना उद्या मागच्या नोकऱ्यांचं टेबल येणारच. ज्याची ही पहिलीच नोकरी आहे त्याच्याकडे तिथे भरायला काही नाही. त्याला तुम्ही कायमचा ८५ वर ठेवणार का? हीच गत मधलं नाव नसणाऱ्यांची, पूर्ण नाव एकाच शब्दात असणाऱ्यांची.

हा घोळ जुना आहे. रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची कल्पना) ज्यांनी १९७० साली मांडलं त्या एडगर कॉड यांनीच पुढे १९९० मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन वेगवेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, एक "लागू आहे पण माहिती नाही" यासाठी आणि एक "लागूच नाही" यासाठी. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत मात्र एकच नल राहिला आणि दोन्ही अर्थ त्याच्याच गळ्यात पडले. मग आपल्याला वेगळा कॉलम ठेवून ते सांभाळावं लागतं, "ही माझी पहिलीच नोकरी" असा एक चेकबॉक्स.

कोडमध्ये याचा अर्थ असा की प्रत्येक फील्डला दोन प्रश्न. आधी "या माणसाला लागू आहे का", हो असेल तरच "भरलंय का". लागू नसेल तर ते वरून पण काढायचं आणि खालून पण. समजा मागच्या नोकऱ्यांना १५ गुण आहेत आणि ते लागू नाहीत, तर छेद १०० नाही, ८५. त्यातले ७० मिळाले तर ७० गुणिले १०० भागिले ८५, फ्लोअर करून ८२. आणि छेद शून्य झाला तर काय, तेही लिहा, नाहीतर एखाद्या अ‍ॅडमिन अकाउंटला काहीच लागू नसतं आणि पेज डिव्हिजन बाय झिरो म्हणत फुटतं.

"सांगायचं नाही" हा पर्याय कुठे दिला असेल तर तो निवडणं म्हणजे उत्तर दिलंय. त्याचे पूर्ण गुण द्या.

फ्रंटएंडवाली

मला एकूणच या पट्टीबद्दल शंका आहे. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये १०० झाल्याशिवाय अर्ज करता येणार नाही असा नियम केला होता. दोन आठवड्यांनी "स्वतःबद्दल" कॉलम बघितला तर तिथे एक टिंब, तीन टिंबं, "नंतर भरतो", आणि एकाने तर "हे कशाला पाहिजे" असं लिहिलेलं, आमच्या कोडच्या मते सगळे १०० टक्के. मुळात पूर्ण आणि बरोबर या दोन वेगळ्या गोष्टी. डेटा क्वालिटीवाले लोक कम्प्लीटनेस ही सहा मोजमापांतली एकच धरतात, दामा यूके या डेटा व्यवस्थापनवाल्यांच्या संघटनेच्या २०१३ च्या पेपरमध्ये तिच्या जोडीला युनिकनेस, टाइमलीनेस, व्हॅलिडिटी, अ‍ॅक्युरसी आणि कन्सिस्टन्सी आहेत. तुमच्या पट्टीला पहिली सोडून बाकीच्या पाचांचं काही पडलेलं नाही.

पट्टी ठेवायचीच असेल तर ती शून्यापासून सुरू करू नका. नून्स आणि ड्रेझ या दोघांचा २००६ चा प्रयोग आहे, गाडी धुण्याच्या दुकानात ३०० लोकांना स्टॅम्पची कार्डं वाटली, अर्ध्यांना ८ चौकटींचं कोरं कार्ड, अर्ध्यांना १० चौकटींचं पण २ आधीच मारलेल्या. दोघांनाही ८ च स्टॅम्प हवेत, तरी पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्यात ३४ टक्के. तुमच्याकडे नाव आणि ईमेल रजिस्टर होतानाच येतात, म्हणजे व्हेरिफाय झाल्या झाल्या २० गुण. ते मोजू नका असं कोणीतरी म्हणेल, पण राहू द्या. ५० मात्र नको, तो खोटारडेपणा होता 😛

आणि टक्क्यांपेक्षा पुढची एकच गोष्ट दाखवा. "कौशल्यं टाका, १५ ने वाढेल". नऊ फील्डची लाल यादी बघून माणूस टॅब बंद करतो.

अजून एक, जन्मतारीख खरंच हवीय का? मॅनेजरला विचारा. जीडीपीआर या युरोपच्या डेटा कायद्याच्या कलम ५ मध्ये लागेल तेवढाच डेटा घ्या असं तत्त्व आहे, आणि आपण पट्टीच्या नादात लोकांना जास्तीचं द्यायला भाग पाडतो. वापर नसलेलं फील्ड यादीतून काढलं तर ते न भरलेल्यांचे टक्के फुकटात वाढतात.

रिकामी_ओळ

टिंबांवरून आठवलं. किमान लांबीची अट टाकणार असाल तर स्ट्रलेन वापरू नका, तो बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, "नमस्कार" मध्ये जोडाक्षराचा हलन्त आणि काना धरून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. "किमान २० अक्षरं लिहा" असा नियम असेल तर इंग्रजीत लिहिणाऱ्याला वाक्य लिहावं लागतं आणि मराठीत लिहिणारा नुसता नमस्कार करून पास. एमबी-स्ट्रलेन वापरा, तो चिन्हं मोजतो.

आणि न दिसणारी कॅरेक्टर. पीएचपीच्या साध्या ट्रिमला (कडेच्या स्पेस काढणाऱ्या फंक्शनला) नॉन-ब्रेकिंग स्पेस कळत नाही आणि शून्य रुंदीची स्पेस पण कळत नाही. दुसरीकडून कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरात त्या येतात, डोळ्यांना फील्ड रिकामं, कोडला भरलेलं. त्या काढा, पण काढताना शून्य रुंदीचा जॉइनर पण सरसकट उडवू नका, काही कीबोर्डवर मराठीतला अर्धा र, दऱ्या-खोऱ्यातला, त्याच्यावरच उभा असतो. रिकामं आहे का हे तपासायला कॉपीमधून काढा, मूळ मजकूर आहे तसा ठेवा.

डीबग_करतेय

जन्मतारीख विचारली. मॅनेजर म्हणाले "असू दे, लागेल कधीतरी". कशाला लागेल हे त्यांनाही माहीत नाही. यादीतून काढली, ५ गुण शहराला दिले, कोणाच्या लक्षात आलं नाही.

लागू आहे का आणि भरलंय का अशी दोन फंक्शनं प्रत्येक फील्डला केली, आता कोड वाचताना बरं वाटतं. जुन्या शून्यांचं पण डीबीए काकांनी सांगितलं तसंच केलं, ज्यांचं बाकी सगळं कोरं होतं ते नल केले, उरलेल्यांना पुढच्या लॉगिनला प्रश्न.

शेवटचं. अ‍ॅडमिनला सगळ्या युजरची लिस्ट हवी टक्क्यांसकट, कमी टक्केवाले वर. दर ओळीला फंक्शन चालवलं तर पेज मरतंय, मागच्या नोकऱ्यांचं टेबल आल्यापासून तर प्रत्येक युजरमागे एक क्वेरी. एसक्यूएलमध्येच करू का?

जुना_डीबीए

काका काय लगेच 😀

एका पानावरची २० माणसं दाखवायची तर विथ-काउंट लावून मागच्या नोकऱ्यांचा आकडा एकाच क्वेरीत आणा, प्रश्न मिटला. पण टक्क्यांवर सॉर्ट करायचं म्हणजे सगळ्यांचे टक्के आधीच माहीत हवेत, तेव्हा साठवावेच लागतात. जनरेटेड कॉलमचा (डेटाबेस स्वतःच मोजून भरतो तो) मोह होईल, मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून आहे आणि पोस्टग्रेसमध्ये १२ पासून, पण तो फक्त त्याच ओळीतले कॉलम बघू शकतो, दुसऱ्या टेबलमध्ये डोकावत नाही. तुमच्या मागच्या नोकऱ्या तिथे बसणार नाहीत. नियम एसक्यूएलमध्ये परत लिहिलेत तर दोन जागी दोन नियम होतील, वर ६० आणि ७० ची गोष्ट सांगितलीय ना कोणीतरी. त्यात एसक्यूएलचं ट्रिम सांगितल्याशिवाय फक्त स्पेस काढतं, नुसता एंटर मारलेलं "स्वतःबद्दल" तिथे भरलेलं ठरेल.

त्यापेक्षा साधा पूर्णांकाचा कॉलम ठेवा, युजर किंवा त्याची नोकरी सेव्ह झाली की तेच पीएचपी फंक्शन चालवून त्यात लिहा. फक्त लक्षात ठेवा, क्वेरी बिल्डरने एकगठ्ठा अपडेट केलं तर मॉडेलचे इव्हेंट (सेव्ह झालं की आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत. फॉर्ममधून आलेली रिकामी स्ट्रिंग लारावेलचं मिडलवेअर नल करतं तेही इंपोर्ट स्क्रिप्टला लागू नाही. म्हणून रात्री एक जॉब लावा, सगळ्यांचं परत मोजा, आणि साठवलेला आकडा आणि नवा आकडा वेगळा आला तर लॉगमध्ये लिहा. तो लॉग पहिले काही दिवस रोज बघा, इव्हेंट न चालता डेटा बदलणारी जागा कुठे आहे ते तिथे लगेच दिसेल.

एसक्यूएलचा खरा उपयोग उभ्या मोजणीला. काउंटमध्ये कॉलमचं नाव दिलं तर तो नल सोडून मोजतो आणि तारा (*) दिला तर सगळ्या ओळी मोजतो, दोघांचा भागाकार म्हणजे ते फील्ड किती लोकांनी भरलं. फोटोच्या डिफॉल्ट पाथला आणि रिकाम्या स्ट्रिंगला आधी नलिफ लावून नल करा, नाहीतर फोटो सगळ्यांनीच टाकलेत असं दिसेल. नऊच्या आठ झालेल्या तुमच्या फील्डसाठी ही एकच क्वेरी मॅनेजरना दाखवा. एखादं फील्ड जवळपास कोणीच भरत नसेल तर तो प्रश्न बहुधा फॉर्मचा आहे, लोकांचा नाही.

नल_आणि_शून्य

आकड्याशेजारी नियमांचा व्हर्जन नंबर पण साठवा ताई. मागच्या नोकऱ्या आल्या की काल १०० वर असलेली माणसं आज ८५ वर येणार आणि सपोर्टला मेल येणार की माझी माहिती उडाली. व्हर्जन बदललेला दिसला की पट्टीच्या खाली "नवीन भाग आला आहे" एवढं दाखवा, लोक समजून घेतात.

डीबग_करतेय

ते मेल आलेत ऑलरेडी. दोन. एक टेस्टरचा आहे.